समुपदेशकाला जात सांगायची का?

आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलाने हा प्रश्न विचारला, तेव्हा आम्हा तिघा कार्यकर्त्यांपैकी कोणालाच लगेच उत्तर देता आले नाही. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, गावाहून शहरात आलेला. झोप उडालेली, दोन विषय राहिलेले. कॉलेजात समुपदेशक होते, तो त्यांच्याकडे गेलाही. पहिल्या भेटीत अभ्यासाविषयी बोलला. दुसऱ्या भेटीत सांगितले, की प्रॅक्टिकलचे गट पडतात तेव्हा त्याला कोणी घेत नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याला 'कोटा' म्हणतात. समुपदेशक म्हणाले, "तू जरा जास्तच मनावर घेतोस. आता कोण जात मानतं?" तिसऱ्या भेटीला तो गेला नाही. आमच्याकडे येऊन विचारू लागला, "दादा, दुसरीकडे गेलो तर जात सांगायची का? की नुसतं अभ्यासाचं टेन्शन आहे म्हणू?"

हा प्रश्न आज विचारणे गरजेचे आहे, कारण समुपदेशक आता आपल्या मुलांच्या आयुष्यात कायद्याने येणार आहेत. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ता असलाच पाहिजे. कोचिंग क्लासही त्यातून सुटलेले नाहीत. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी अशा घटकांतल्या विद्यार्थ्यांशी संवेदनशीलपणे आणि भेदभाव न करता वागण्याचे प्रशिक्षण शिक्षकांपासून कार्यालयीन कर्मचाऱ्यांपर्यंत सगळ्यांना द्यावे, असेही त्यात आहे. संसद किंवा विधिमंडळ कायदा करीत नाही तोवर ही तत्त्वे बंधनकारक आहेत.

निर्णय चांगला आहे. पण खुर्चीवर माणूस बसवला म्हणजे ऐकणारा मिळाला असे होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात आपली मुले किती, हे त्या अहवालात सापडत नाही, कारण जातीचा रकाना तिथे छापला जात नाही. अहवालात नसलेली जात समुपदेशनाच्या खोलीतूनही गायब झाली, तर मग मुलाने बोलायचे तरी कशाविषयी?

आता आपल्या बाजूचेही बोलू. थेरपी म्हटले की वस्तीत दोन प्रतिक्रिया येतात. पहिली, "वेडा झालाय का?" ती जुनी आहे आणि हळूहळू मागे पडते आहे. दुसरी चळवळीतून येते आणि ती विचार करण्याजोगी आहे: रोग जातिव्यवस्थेचा, मग औषध आम्ही का घ्यायचे? संस्था तक्रारीवर कारवाई करायची सोडून मुलाला समुपदेशकाकडे पाठवते, म्हणजे दोष त्याच्या डोक्यात आहे असेच ठरवते. हा आक्षेप पोकळ नाही. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या आईंनी, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी यांनी, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली ती समुपदेशक मागण्यासाठी नव्हे. कॅम्पसवरचा जातिभेद रोखणारी यंत्रणा खरोखर चालावी, ही त्यांची मागणी होती. समुपदेशन हे तक्रार निवारणाच्या जागी आणून ठेवले जात असेल, तर त्याला विरोध केलाच पाहिजे.

पण त्या मुलाला झोप लागत नाही, ती आज रात्री लागत नाही. लढा पाच वर्षे चालेल, तोवर त्याने जागे राहायचे का? तक्रार अर्जही द्यायचा आणि थेरपीलाही जायचे, यात आम्हाला विसंगती दिसत नाही. उलट जो सावरला तोच सुनावणीला उभा राहू शकतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बडोद्याचा प्रसंग लिहिला आहे. पारशी सराईतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. अठरा वर्षांनंतरही ते दृश्य डोळ्यांपुढे जसेच्या तसे उभे राहते आणि आठवले की डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. कोलंबियात शिकून आलेला माणूस हे लिहितो. मग आपल्या कार्यकर्त्यांना 'वाघाची पोरं रडत नाहीत' हे कोणी शिकवले? मोर्चात सगळ्यात पुढे असणारी पोरे रात्री दोनला फोन करून काहीच न बोलता ठेवून देतात, हे आम्हाला माहीत आहे. वाचणाऱ्यांपैकीही अनेकांना माहीत असेल.

आणखी एक सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो: "दहा दिवसांचं शिबिर कर, सगळं ठीक होईल." विपश्यनेविषयी आम्हाला आदर आहे, आमच्यातल्या दोघांनी शिबिरे केली आहेत. पण त्याच शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधांविषयी विचारलेले असते, आणि विपश्यना हा वैद्यकीय वा मानसोपचाराला पर्याय नाही असे नियमावलीतच सांगितलेले असते. औषधे लपवून किंवा मध्येच बंद करून कोणाला शिबिराला पाठवू नका. अंगुत्तर निकायातल्या रोग सुत्तात भगवान बुद्ध शरीराचा आणि मनाचा असे दोन रोग सांगतात. शरीराने वर्षानुवर्षे निरोगी असलेली माणसे सापडतील, पण क्षणभरही मनाचा रोग नसलेली माणसे आस्रव क्षीण झालेल्यांखेरीज दुर्मीळ, असे तिथे म्हटले आहे. मनाच्या दुखण्याची लाज धम्मात नाही, ती आपण बाहेरून आणली. पटाचारेला लोक वेडी म्हणून हाकलत होते, तथागतांनी तिला जवळ येऊ दिले.

मग जायचे कोणाकडे? इथे मोठा गोंधळ आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर मानसोपचाराचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषधे तोच लिहू शकतो. झोप-भूक पूर्ण बिघडली असेल, कानात आवाज येत असतील, जगणे नको वाटत असेल तर आधी त्याच्याकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाही, चाचण्या आणि थेरपी करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, आणि ती परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते. 'समुपदेशक' ही पाटी मात्र आजही कोणीही लावू शकतो. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात हा व्यवसाय आला आहे, पण गल्लीतल्या पाटीपर्यंत तो पोहोचलेला नाही. तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून 'माइंड कोच' झालेले आम्ही पाहिले आहेत. म्हणून पदवी कोणती, कुठून, किती वर्षे काम, हे सरळ विचारावे. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

पदवी असली तरी सगळे संपत नाही. आमच्या परिचयातल्या एका मुलीला चांगल्या शिकलेल्या समुपदेशक बाईंनी, "एकदा कुलदैवताला जाऊन ये, मन शांत होईल" असे सांगितले. मुलगी बौद्ध आहे हे त्यांना माहीत होते. वाईट हेतू नसावा. पण त्या खोलीत आपण उपरे आहोत, हे तिला तेवढ्या एका वाक्याने कळले.

म्हणून आपल्याच समाजातला थेरपिस्ट हवा, असे अनेकजण म्हणतात. असे तज्ज्ञ आहेत आणि वाढत आहेत. बहुजनांच्या मानसिक आरोग्यासाठी 'द ब्ल्यू डॉन'सारखे गट उभे राहिले आहेत. तरीही आम्ही ही अट घालत नाही. एका मुलीने बौद्ध समुपदेशकाकडे जायला साफ नकार दिला, कारण त्या तिच्या मावशीच्या कॉलनीत राहत होत्या. कॉलनीत गोष्ट पोहोचायला किती वेळ लागतो, हे तिला ठाऊक होते. दुसरीकडे, सवर्ण घरातल्या एका मानसोपचारतज्ज्ञाने आमच्या एका कार्यकर्त्याला पहिल्याच भेटीत सांगितले, "हे मी अनुभवलेलं नाही. माझं काही चुकलं तर तिथेच थांबवा." तो त्यांच्याकडे दीड वर्ष गेला.

जात सांगायची का, यावर आमचे उत्तर असे: सांगा, पण आधी माणूस जोखा. संपूर्ण कहाणी पहिल्या दिवशी उघडू नका. एक छोटा प्रसंग सांगा, घर भाड्याने न मिळाल्याचा, आडनाव विचारल्याचा, आणि समोरचा काय करतो ते पाहा. "पुढे काय झालं? तेव्हा तुला काय वाटलं?" असे विचारले तर तो ऐकतो आहे. "ते जातीमुळेच झालं कशावरून?" हाच पहिला प्रश्न आला तर सावध व्हा. विश्वास बसल्यावर कधीतरी हा प्रश्नही थेरपीत येऊ शकतो, त्यात गैर नाही. पण पहिल्याच भेटीत आला तर ती उलटतपासणी होते.

अजून एक फरक लक्षात ठेवावा. थेरपीत त्रास होतो, जुने उकरले जाते, रडू येते, एखाद्या आठवड्यात जावेसेच वाटत नाही. तेवढ्याने सोडू नये, तीन-चार भेटी द्याव्यात. अपमान वाटला तर मात्र कितव्या भेटीत आहोत हे मोजत बसू नये. थेरपिस्ट बदलणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. आपल्या लोकांना डॉक्टरला प्रश्न विचारायची सवय नाही, त्यामुळे हे दोनदा सांगावे लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम १८ जातीच्या आधारे भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क देते. कलम ३ नुसार समाजातल्या प्रचलित मूल्यांशी, धर्मश्रद्धांशी वा राजकीय मतांशी पटत नाही, एवढ्यावरून कोणाला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. चळवळीतल्या लोकांनी हे कलम पाठ करून ठेवावे.

पैशाचे काय? पुण्या-मुंबईत खासगी सत्राला हजार-दीड हजार रुपये सहज लागतात. जिल्हा रुग्णालय आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला मानसोपचार विभाग हा आपला पहिला दरवाजा. रांग असते, डॉक्टर घाईत असतात, पण औषधोपचार नीट होतो. टेलिमानस, क्रमांक १४४१६, चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. जीवाचे बरेवाईट करावेसे वाटत असेल तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, लगेच तिथे फोन करा आणि जवळच्या एका माणसाला बोलावून घ्या. खासगी थेरपिस्टना फी कमी कराल का, असे विचारायला लाजू नका, काहीजण करतात. आणि विहार समित्यांना एक हिशेब सांगतो, राग आला तरी चालेल: जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात एका विद्यार्थ्याची तीन महिन्यांची सत्रे होतात.

तो अभियांत्रिकीचा मुलगा आता सरकारी रुग्णालयातल्या एका मॅडमकडे जातो. पहिल्या भेटीत त्याने अभ्यासाचे टेन्शन सांगितले, दुसऱ्या भेटीत भाड्याच्या खोलीचा प्रसंग. मॅडमनी आडनाव विचारले नाही, तिसऱ्या भेटीत त्यानेच सांगितले. प्रॅक्टिकलच्या गटांविषयीचा तक्रार अर्ज आम्ही त्याच्यासोबत बसून लिहिला, तो कॉलेजात दिला आहे आणि पोच घेतली आहे. उत्तर अजून आलेले नाही. येत्या गुरुवारी त्याची सहावी भेट आहे. बसचे भाडे अभ्यासिकेच्या डब्यातून जाते.