दाशी, दूध आणि वर्ध्याचे सोयाबीन

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या टोकियो भेटीत २९ ऑगस्ट २०२५ रोजी भारत आणि जपान यांनी मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीचा कृती आराखडा जाहीर केला. पाच वर्षांत दोन्ही देशांत मिळून पाच लाखांहून अधिक लोकांची ये-जा व्हावी आणि त्यांत पन्नास हजार कुशल व होतकरू भारतीयांना जपानमध्ये वाव मिळावा, असे त्याचे उद्दिष्ट आहे. जपानमध्ये काम करणाऱ्या हातांची संख्या घटते आहे, तर विदर्भासारख्या भागात पदवी हाती असूनही काम नाही. त्यामुळे या आराखड्याचे स्वागत होणे स्वाभाविकच होते. त्यानिमित्ताने भाषा, व्हिसा आणि वेतन यांची चर्चा झाली. जाणाऱ्या माणसाच्या ताटाची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. ज्या देशात भात, भाज्या आणि सोयाबीनचे नाना पदार्थ रोजच्या जेवणात आहेत, तेथे शाकाहारी माणसाला अडचण ती काय, असे कोणी विचारील. अडचण ताटात दिसणाऱ्या माशाची नाही. तो बाजूला ठेवता येतो. अडचण न दिसणाऱ्या माशाची आहे. मराठी स्वयंपाकात फोडणीचे जे स्थान, तेच जपानी स्वयंपाकात 'दाशी' या अर्काचे. बोनिटो मासा उकडून, धुरावून, वाळवून त्याचे पापुद्रे काढतात आणि ते गरम पाण्यात घालून हा अर्क तयार करतात. मिसो सूप, सोबा-उदोनचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, तेम्पुराबरोबरचे बुडवण, सर्वांत तो असतो. आपण भाजीचे वर्णन करताना फोडणीचा वेगळा उल्लेख करत नाही, तसा जपानी स्वयंपाकीही दाशीचा करत नाही. 'यात मांस आहे का', या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो, कारण मांस म्हणताना त्याच्या मनात मासा नसतो.

या समजुतीला इतिहास आहे. सम्राट तेम्मू याने इ. स. ६७५ मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर हंगामी बंदी घातली. बौद्ध विचाराच्या प्रभावाने पुढील अनेक शतके जनावरांचे मांस जपानी समाजात बव्हंशी निषिद्ध मानले गेले. १८७२ मध्ये सम्राट मेइजी याने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि आधुनिकतेच्या वाटेवर हा निर्बंध ढासळला. मात्र या साऱ्या काळात सर्वसामान्यांना मासा वर्ज्य नव्हता. बेटांच्या देशाने जनावर सोडले, समुद्र सोडला नाही. म्हणूनच आजचे जपानी जेवण मांसाशिवाय सहज होते, माशाशिवाय क्वचितच.

तथापि मासाही वर्ज्य मानणारी एक परंपरा जपानमध्येच आहे. 'शोजिन र्‍योरी' म्हणजे बौद्ध मठांतील अन्न. झेन आचार्य दोगेन यांनी १२३७ मध्ये मठाच्या स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला, इतके या स्वयंपाकाला साधनेत महत्त्व होते. येथे दाशी होते ती कोम्बु या समुद्री वनस्पतीची आणि वाळवलेल्या शिताके अळिंबीची. कांदा, लसूण आणि तत्सम उग्र वनस्पती वर्ज्य असतात. चातुर्मास पाळणाऱ्या मराठी घराला हे परके वाटू नये. मात्र कमळकाकडी, मुळा यांसारखी कंदमुळे आणि अळिंबी त्यात भरपूर असल्याने कडक नियम पाळणाऱ्या जैन व्यक्तीची सोय तेथेही होत नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे.

या दोन परंपरांची गाठ वर्ध्यात पडली होती. निप्पोनझान म्योहोजी या बौद्ध संघाचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्यास येऊन महात्मा गांधींना भेटले. 'फुजी गुरुजी' म्हणून पुढे ते ओळखले गेले. त्यांच्या परंपरेचा एक भिक्षू सेवाग्राम आश्रमात राहिला. दुसऱ्या महायुद्धात जपान उतरल्यावर ब्रिटिश सरकारने त्याला आश्रमातून नेले. जुलै १९४२ मध्ये जपानी जनतेला उद्देशून लिहिलेल्या लेखात गांधीजींनी त्याची आठवण काढली आणि जपानच्या आक्रमणाचा कठोर निषेधही केला. त्या भिक्षूची प्रार्थना आश्रमाच्या सकाळ-सायंकाळच्या प्रार्थनेत कायम राहिली. वर्ध्यात गीताई मंदिराजवळ उभा असलेला विश्वशांती स्तूप याच संबंधाची खूण आहे.

सेवाग्रामचा भिक्षू परक्या देशात येऊन 'अस्वाद' व्रत मानणाऱ्या आश्रमात राहिला. आज जपानला निघालेल्या तरुणाचा प्रवास नेमका उलट आहे. त्याला गांधीजींच्या आहारप्रयोगांतून घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यात त्यांचे अपयशही येते. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. आजच्या परिभाषेत ते 'व्हीगन' झाले. १९१८-१९ च्या गंभीर आजारपणात मात्र कस्तुरबांनी युक्तिवाद केला की, व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे होते, शेळीच्या नव्हे. गांधीजींनी ते मानले. पण व्रताचे अक्षर राखले आणि आत्मा गमावला, ही बोच त्यांनी आत्मकथेत लपवली नाही. दुधाला वनस्पतिजन्य पर्याय सापडावा, ही इच्छा त्यांनी पुढेही सोडली नाही. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग झाले आणि 'हरिजन'मधून त्यांची चर्चाही झाली. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ठाणे तेथेच होते.

तो पर्याय रोजच्या जेवणात रुजवण्याची विद्या पूर्व आशियाकडे शतकानुशतके होती. आख्खे सोयाबीन उग्र वासाचे आणि पचनास जड. ते वाटून, गाळून, साकळून तोफू होते; आंबवून मिसो आणि नात्तो होतात. यातील कर्तृत्व बियाण्यापेक्षा प्रक्रियेचे अधिक. वर्ध्याने बियाणे घेतले, प्रक्रिया घेतली नाही. आज कापूस आणि तुरीबरोबर सोयाबीन हे जिल्ह्याचे प्रमुख पीक आहे. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. पण गाळपात साधारण १८ टक्के तेल निघाल्यावर उरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात किंवा निर्यातीत जाते. या पिकाचे नशीब त्यामुळे पेंडीच्या बाजाराशी बांधले गेले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंडीच्या आयातीला मुभा दिली, तेव्हा शेतकऱ्यांत संताप उसळला तो याचमुळे. २०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर झाला, तरी हंगामात अनेक बाजार समित्यांत भाव त्याखालीच राहिला. तोफूसाठी लागणारे पीक शेतात आणि ते खाण्याची सवय मात्र सातासमुद्रापार, अशी ही विसंगती आहे.

जपान सरकारने २०२२ मध्ये शाकाहारी व व्हीगन पदार्थांसाठी आणि उपाहारगृहांसाठी मानके ठरवली; परंतु ती ऐच्छिक आहेत. ॲलर्जीच्या सक्तीच्या सूचीत दूध, अंडे, गहू आहेत, बोनिटो नाही. त्यामुळे वेष्टनावरील घटकांची यादी वाचता येणे हाच खरा उपाय ठरतो. भारतातील हिरव्या ठिपक्याची सवय लागलेल्या ग्राहकाला ही मेहनत नवी आहे. तोही ठिपका दूध वर्ज्य मानणाऱ्याच्या उपयोगाचा नाहीच. केंद्राला २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम करावे लागले, यातच ते आले.

म्हणूनच जपानसाठी मनुष्यबळ घडवणाऱ्या प्रशिक्षणात व्याकरणाबरोबर स्वयंपाकघराचे शब्द असावयास हवेत. 'मी शाकाहारी आहे' हे वाक्य तेथे अपुरे पडते. 'माशाची दाशी चालत नाही, कोम्बुची चालते' हे वाक्य उपयोगी पडते आणि 'शोजिन' हा शब्द तर यजमानाच्या स्वतःच्या परंपरेतून ओळख पटवतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जाणाऱ्याने आपले बंधन नेमके कोणते, हे आधी स्वतःशी ठरवले पाहिजे. अंडे चालते का, दूध चालते का, अजाणता पोटात गेलेल्या अर्काने नियम मोडला असे मानायचे का, याची उत्तरे परमुलखात भुकेल्या पोटी शोधणे कठीण असते. गांधीजींनाही ते आजारपणात शोधावे लागले आणि त्याची रुखरुख राहिली.

आहाराचे बंधन माणूस एकट्याने घेतो, पण ते निभावण्यासाठी दुसऱ्याचे स्वयंपाकघर समजून घ्यावे लागते. नव्वद वर्षांपूर्वी वर्ध्याने जपानची प्रार्थना आपल्या प्रार्थनेत सामावून घेतली. आता त्या देशाची सोयाबीन शिजवण्याची विद्या आत्मसात केली, तर जपानला जाणाऱ्याचा आणि गावी राहून शेती करणाऱ्याचा, दोघांचाही त्यात लाभच आहे.