सोळा बिटांचा सोस

मंडळी, मी साधा बी.ए. झालेला मास्तर. इलेक्ट्रॉनिक्स शिकलो नाही. पण पाचवी ते सातवीला बरीच वर्षे त्रैराशिक शिकवले आहे, त्या जोरावर आज थोडे भांडणार आहे.

नातवामुळे मला संगणकावर विमान उडवायचा नाद लागला. गेल्या पावसाळ्यात त्याची जॉयस्टिक बिघडली. हात न लावता विमान डावीकडे कलू लागले. आम्ही दोघांनी खालचा डबा उघडला. आत पोटेन्शिओमीटर, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा तोच. घासून घासून झिजलेला.

घरात लगेच दोन पक्ष पडले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, फेका आणि नवीन घ्या." पुतण्या म्हणाला, "काका, आतले सगळे बदला, पण सोळा बिटांचेच घ्या. दहा बिट म्हणजे भंगार." दोघेही इंजिनीयर, आणि दोघेही हा ब्लॉग वाचतात. म्हणून इथेच उत्तर देतो.

आधी पुतण्या. दहा बिट म्हणजे १०२४ पायऱ्या, बारा बिट म्हणजे ४०९६. कबूल. पण काठी फिरते किती, हे कुणी मोजले? मी कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजले. या टोकापासून त्या टोकापर्यंत ४० अंश. पोटेन्शिओमीटर फिरतो २७० अंश. म्हणजे १०२४ पैकी १५२ पायऱ्याच कामी येतात! बारा बिटांचा चुंबकीय कोनमापक संवेदक पूर्ण ३६० अंशांवर ठेवला, तर काठीच्या वाट्याला ४५५. उलट साध्या हॉल संवेदकासमोर चुंबक नीट बसवून ४० अंशांत पाचपैकी तीन व्होल्टचा फरक मिळवला, तर दहा बिटांतही ६१४ पायऱ्या. कोण जिंकले? वर काठीचा सांधाच खिळखिळा असेल, तर सोळा बिट त्याची थरथर तेवढी बारकाईने मोजणार.

हॉल संवेदकात काही घासतच नाही. चुंबक जवळून फिरतो, व्होल्टेज बदलतो. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ साली शोधला, म्हणजे नवलाईही नाही.

चिप मी एटीमेगा ३२यू४ घेतली, कारण यूएसबी तिच्या अंगातच आहे. ऊनो बोर्डावरच्या ३२८ला ती नाही, त्यामुळे संगणक तिला थेट जॉयस्टिक म्हणून ओळखत नाही. एसटीएम३२एफ१०३ बारा बिटांची आहे, चांगली आहे. पण ती ३.३ व्होल्टवर चालते. पाच व्होल्टवरचा संवेदक तिच्या ॲनालॉग पायांना थेट जोडाल, तर चिप जळायची.

आता चिरंजीव. नवीन स्वस्त जॉयस्टिकमध्ये पुन्हा तोच घासणारा पोटेन्शिओमीटर निघाला तर? आणि पैशांपेक्षा मला दुसरेच लागले. पोरगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन उत्सुकतेने बसला होता, आणि त्याचा बाप "फेका" म्हणाला. बिघडलेली वस्तू उघडायची नसते, हा धडा आपण मुलांना नकळत देतो. मग हीच मुले काही करत नाहीत म्हणून आपणच रडतो.

त्याने पहिला सांधा सोल्डर केला तेव्हा बोट भाजले. रडला नाही. दुसरा सांधा चकचकीत आला.

असो. विमान सध्या सरळ उडते. उतरवताना मी अजून आपटतो, पण त्यात बिटांचा दोष नाही.