न पिणाऱ्यांचं लिव्हर

राहुरीत कुणाचं ‘लिव्हर खराब’ झालं म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: पितो का? म्हणून आपल्या घरांत फॅटी लिव्हरचा सोनोग्राफी रिपोर्ट कपाटात कपड्यांखाली जातो. अम्मीला सांगायचं नाही, लग्नाची बोलणी चालू असतील तर मुळीच नाही. दारूच्या थेंबालाही न शिवलेली पंचविशी-तिशीतली मुलं हे करतात, आणि लपवलेला रिपोर्ट मग डॉक्टरांपर्यंतही पोहोचत नाही.

दारूशिवायही लिव्हरमध्ये चरबी साठते. २०२३ मध्ये जगभरच्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनांनी या आजाराचं ‘नॉन-अल्कोहोलिक’ हे जुनं नाव बदललं. नव्या नावात जोर आहे तो चयापचयावर, म्हणजे साखर, रक्तदाब, कंबरेचा घेर यांवर. जुन्या नावाला चिकटलेली लाज, हेही त्या बदलाचं एक कारण होतं.

‘मी तर बारीक आहे,’ हे आपलं आवडतं उत्तर. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नका, कंबरेला टेप लावा. पुरुषांनी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांनी ८० च्या पुढे तपासणी करून घ्यावी. माझ्यासारख्या दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्यांनी तर आधी. दुखण्याची वाट पाहू नका, हे लिव्हर बहुधा दुखतच नाही.

उसाच्या पट्ट्यात राहून साखरेला नावं ठेवणं जिवावर येतं. पण साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. तो मुख्यतः लिव्हरलाच निस्तरावा लागतो आणि जास्त झाला की त्याची चरबी होते. चार-पाच कप गोड चहा, वर कोल्ड्रिंक, रमजानमध्ये सरबताचा जग. दिवसभराच्या रोज्यानं लिव्हरला मिळालेली उसंत इफ्तारच्या भजी-समोशांत संपते. आपल्याच गावच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं फुले वसुधा, फुले रेवती अशा ज्वारीच्या जाती दिल्या, आणि आपण मैद्याच्या नानवर खूश!

सुरुवातीच्या टप्प्यात हे उलटवता येतं. वजन ५ टक्के घटलं तरी चरबी उतरू लागते, ७ ते १० टक्क्यांनी सूजही. ८० किलोच्या तरुणासाठी म्हणजे सहा ते आठ किलो. तेही सावकाश, उपाशी राहून धडाधड नव्हे. लिव्हर टॉनिकच्या बाटलीनं हे होत नाही. आणि सिरॉसिसपर्यंत गेलं, तर परतीची वाट फार अवघड.

आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चाला, असं डॉक्टर सांगतात. मुलांना ते सोपं आहे. पीसीओडी असलेल्या मुलींना फॅटी लिव्हरचा धोका अधिक, आणि घराबाहेर चालायला त्यांनाच सर्वांत कमी मुभा. फजरनंतर अम्मी, भाभी आणि शेजारच्या दोघी-तिघींना सोबत घेऊन त्या निघाल्या, तर अब्बांनी अडवू नये. भावानं तेवढा वेळ घरातला चहा करावा, बिनसाखरेचा.