छापील किंमत कोणी छापली?

‘साठ रुपयांची बचत!’ तूरडाळीच्या पाकिटावरील अशी पाटी पाहिली की गृहिणीचा हात आपसूक पुढे होतो. पाकिटावर छापलेले असतात २०० रुपये, सुपरबाजार ते देतो १४० रुपयांना. पण पाकीट त्या सुपरबाजाराच्याच नावाचे असेल, तर २०० चा आकडा ठरवला कोणी? ज्याने सवलत दिली त्यानेच! आपणच फुगवलेल्या आकड्यातून आपणच वजाबाकी करायची आणि तिला ग्राहकाची बचत म्हणायचे, ही शुद्ध हातचलाखी आहे. छापील किमतीहून अधिक घेण्यास कायद्याची मनाई आहे. ती किती छापावी, यावर मात्र बहुतेक वस्तूंबाबत बंधन नाही.

याचा अर्थ दुकानाच्या नावाचा माल निकृष्ट असतो, असा मुळीच नव्हे. नामांकित साबणाच्या किमतीत तारे-तारकांच्या जाहिरातींचाही भार असतो. तो टळला की माल स्वस्त पडतो. केवळ नावाला भुलून जादा पैसे मोजणे हे काही प्रतिष्ठेचे लक्षण नाही. परंतु फळीचा मालकच स्पर्धक झाला, की फळी निःपक्षपाती राहत नाही. कोणता माल नजरेसमोर यावा आणि कोणता कोपऱ्यात जावा, हे तोच ठरवतो.

ऑनलाइन बाजारात तर ही फळी अदृश्यच असते. ॲमेझॉनने भारतात इतरांच्या खपाऊ मालाची नक्कल केली आणि स्वतःचा माल शोधयादीत वर आणला, असे वृत्त ‘रॉयटर्स’ने ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे दिले. कंपनीने आरोप फेटाळले. मात्र विक्रेत्यांची अप्रकट माहिती स्वतःच्या किरकोळ व्यापारासाठी न वापरण्याची हमी तिला डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय आयोगाला द्यावी लागली.

मग ग्राहकाने करावे काय? २०२१ च्या नियमदुरुस्तीने वेष्टनावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती दर पडतो, हे छापणे आवश्यक केले. पण तो दरही छापील किमतीवरूनच काढलेला! म्हणून प्रत्यक्ष मोजलेल्या रकमेला, घरपोच शुल्कासह, वजनाने भागावे. ९०० ग्रॅमचे पाकीट १०८ रुपयांना म्हणजे किलोमागे १२० रुपये. शेजारचे किलोचे ११५ रुपयांचे पाकीट त्याहून स्वस्तच. त्याच वेळी उत्पादकाचे नावही वाचावे.

१९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून सामूहिक खरेदीचा मार्ग दाखवला आहे. संघटित ग्राहकाला कोणाच्या सवलतीची भीक नको असते. त्याला हवा असतो चोख माल आणि रास्त दर. तो मागण्याची सवय घराघरांत लागली, तर फुगवलेले आकडे छापण्याचे धाडस कोण करील?