गाळाआधी मोजमाप

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. कंटेनर समुद्रात पडले, तेलाचा तवंग किनाऱ्याला लागला आणि मुंबई व न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. कारण दोन्हींचा मुख्य जलमार्ग एकच. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची चाचणीवरील स्पीडबोट घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर धडकली. तिच्यावरच्या अनेक प्रवाशांकडे लाइफ जॅकेट नव्हते.

हे रडार, पायलट आणि नियंत्रण कक्ष असलेल्या बंदरात घडते. मग दिघी, बाणकोट, दाभोळ या कोकणातल्या बंदरांचे काय? तिथे जबाबदारी महाराष्ट्र सागरी मंडळाची आहे. कोकणातल्या नद्या दर पावसाळ्यात गाळ आणतात, खाडीच्या मुखावरचा वाळूचा दांडा सरकतो, आणि गेल्या वर्षीची खोली यंदा राहत नाही. स्थानिक तांडेलाला हे ठाऊक असते. बाहेरून आलेल्या कप्तानाला नकाशावरच विसंबावे लागते. गाळ उपसण्यावर खर्च होतो तो आवश्यकच. पण मोजल्याशिवाय उपसणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे.

मंडळाने पावसाळा सरताच प्रत्येक खाडीमुखाची खोली मोजावी, आकडे मच्छीमार सोसायट्यांना आणि बोटमालकांना मराठीत द्यावेत, विझलेले बोये पेटवावेत. प्रवासी बोट लाइफ जॅकेटांची मोजणी झाल्याखेरीज धक्क्यावरून सुटता कामा नये.