शिवलकरांना दुर्दैवी म्हणू नका

३ मार्च २०२५ ला मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर गेले. त्या आठवड्यात ज्याच्याशी बोलावं, त्याच्या तोंडी ‘बिचारे’ हा शब्द ठरलेला. कसोटी खेळायला मिळाली नाही, बिचारे. मला हा शब्द टोचतो. पळसदरीला पोरांकडून लेदर बॉलची प्रॅक्टिस करून घेतो मी, स्वतः डावखुरा, खोपोलीच्या कारखान्याच्या टीममधून बॉलिंग टाकलेला माणूस. एका डावखुऱ्याची कीव केलेली दुसऱ्याला खपत नाही, असं समजा हवं तर.

प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ विकेट. एका विकेटमागे वीस धावासुद्धा दिल्या नाहीत त्यांनी. १९६१-६२ ला सुरुवात, शेवटचा मोसम १९८७-८८, म्हणजे वयाची पंचेचाळिशी उलटून गेल्यावर. आमच्या वाडीतली माणसं त्या वयात कंबर धरून बसतात.

आणि १९७२-७३ ची रणजी फायनल. मद्रासला, चेपॉकवर, तामिळनाडूच्या अंगणात. त्यांच्याकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार, दोघेही स्पिनर, खेळपट्टीही तशीच वळणारी. मुंबई १५१ मध्ये आटोपली. मग शिवलकरांनी १६ धावांत ८ विकेट घेतल्या, तामिळनाडू ८० वर सर्व बाद. दुसऱ्या डावात मुंबईच्या ११३, आणि शिवलकरांच्या पुन्हा १८ धावांत ५. तामिळनाडू ६१. दोन दिवसांत जवळजवळ सगळा खेळ संपला, मुंबई १२३ धावांनी जिंकली. सलग पंधरावं विजेतेपद होतं ते. ज्या खड्ड्यात पाहुण्यांना पाडायचं, त्यात यजमानच पडले. हे करणारा माणूस बिचारा?

भारतीय संघात जागा नव्हती, हे खरंच. बिशनसिंग बेदी १९६६ ला आत आले ते १९७९ पर्यंत, २६६ कसोटी विकेट. तोच हात, तीच फिरकी. हरियाणाचे राजिंदर गोयल तर ७५० विकेट घेऊनही बाहेरच राहिले. गावसकरांनी १९८३ च्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात आपल्या आवडत्या खेळाडूंमध्ये शिवलकर आणि गोयल या दोघांना घेतलं. समोर बॅट धरून उभं राहणाऱ्याने दिलेला मान आहे तो. २०१७ ला बोर्डाने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव दिला. बराच उशिरा, पण दिला.

शिवलकर स्वतः चेंडूवर आणि दैवावर गाणं गायले, ते मला माहीत आहे. त्यांनी गावं. त्यांचं दैव होतं. आपण ते ध्रुवपद धरून बसायचं कारण नाही.

माझं दुखणं वेगळंच आहे. भातकापणी झाली की आमच्याकडे शेतात रोलर फिरवून पिच काढतात आणि टेनिस बॉलच्या मॅचेस सुरू होतात. सहा-आठ ओव्हरचा डाव, बाउंड्री बांधापर्यंत. स्पिनरला तिथे कोण विचारतो? हळू टाकणाऱ्या पोराला बांधावरून सगळे ओरडतात, “फास्ट टाक रे!” आणि लेदरवर आलेल्या पोराचा बाप पहिल्या महिन्यात विचारतो, “सर, इंडियात जाईल का?” मधलं काही त्याला दिसतच नाही.

मधलं म्हणजे रणजी. आज अडतीस संघ खेळतात. २०२१ च्या दरानुसार नवख्याला सामन्याच्या दिवसाला चाळीस हजार, चाळीसहून जास्त सामने झालेल्याला साठ हजार. चार दिवसांचा सामना धरून हिशेब करा. आयपीएलचे कोटी बाजूला ठेवले तरी हा व्यवसाय आहे. पूर्वी मुंबईचे खेळाडू बँकांच्या आणि कंपन्यांच्या नोकऱ्यांवर जगायचे, टाइम्स शिल्ड ही कंपन्यांच्या संघांची स्पर्धा त्याच जोरावर चालायची. त्या नोकऱ्या आता आटल्या, म्हणून खेळलात तरच पैसे. दुखापत झाली की घरी. हे मी बापांना लपवत नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या खालच्या लीगमध्ये माणसं वर्षानुवर्षं खेळतात आणि विचारलं तर ‘बेसबॉल खेळतो’ असंच सांगतात. मूनलाइट ग्रॅहम १९०५ मध्ये वरच्या लीगचा एकच सामना खेळला, बॅटिंग आलीच नाही, पुढे जन्मभर एका गावात डॉक्टरकी केली. तरी त्यांच्या नोंदवहीत त्याची ओळ आहे. आपल्याकडे शंभर सामने खेळलेल्याचीही ओळख ‘इंडियात नाही ना गेला’ अशी करून देतात.

केळवलीहून एक डावखुरा पोर येतो माझ्याकडे. हळू टाकतो, टप्पा धरून टाकतो. बापाला मी दोनच गोष्टी सांगितल्यात. दहावी सोडायला लावू नका, दादरला खेळायला न्यायची वेळ आली तर वह्या गाडीत उघडू देत. खोपोली लोकलने जाऊन-येऊन बराच वेळ मिळतो. आणि बांधावर उभं राहून त्याला फास्ट टाकायला सांगू नका.