‘बी’ कवींची ४३ वर्षे

मलकापूरला १८७२ साली जन्मलेल्या नारायण मुरलीधर गुप्ते यांची पहिली कविता १८९१मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्ये आली; पहिला संग्रह, ‘फुलांची ओंजळ’, निघाला १९३४मध्ये. मधल्या काळात वऱ्हाडात सरकारी नोकरी करणारे, पुढे ‘बी’ एवढ्या एकाच अक्षरामागे दडलेले हे कवी नियतकालिकांतूनच वाचले गेले.

संग्रहाच्या सालावरून त्यांना रविकिरण मंडळानंतर बसवणे म्हणूनच चूक आहे. केशवसुतांहून ते अवघे सहा वर्षांनी लहान. पहिली कविता छापली गेली तेव्हा बालकवी पाळण्यात होते; संग्रह आला तेव्हा बालकवींना जाऊन १६ वर्षे लोटली होती!

चांदूर बाजारपासून मलकापूरपर्यंत ज्या वाचनालयांत जुन्या मासिकांच्या बांधीव फायली उरल्या असतील, तेथे त्या रद्दीत घालण्याआधी कोणीतरी ‘बी’ हे अक्षर आणि त्या अंकाची तारीख शोधायला हवी.